मुंबई-दुबई : तिकिटावरचे पावणेदोन तास, हिशेबातले चौदा

गेल्या महिन्यात आमचा भाचा दुबईचे तिकीट हातात घेऊन पेढीवर आला. पोराचा हा पहिलाच परदेश प्रवास. मालेगावात त्याने बारा लूम टाकले आहेत, माल बरा निघतो, आणि आता त्याला दलालाच्या मागे न फिरता आखातातले गिऱ्हाईक स्वतः गाठायचे आहे. चेहऱ्यावर खुशी मावत नव्हती. म्हणाला, "मामू, हे बघा. मुंबईहून पहाटे साडेचारला विमान सुटते आणि सव्वासहाला दुबई! पावणेदोन तास. आपल्याला नाशिक गाठायला याहून जास्त वेळ लागतो. मी तर पार्टीला सकाळी आठची वेळ देऊन टाकली."

आम्ही त्याला म्हटले, "बेटा, आधी बस. चहा घे. आणि त्या पार्टीला फोन करून आठची वेळ रद्द कर."

पोराचा चेहरा उतरला. पण त्यात त्याचा एकट्याचा दोष नाही. आमच्या बाजारात दर वर्षी दहा-वीस नवे लोक दुबईला जातात. लूमवाले, साडीवाले, तयार कपड्याचे कारखानदार. भाव मीटरमागे पंचवीस पैशांपर्यंत घासून घेतील, पण प्रवासाच्या वेळेचा हिशेब कोणी कागदावर मांडत नाही. आम्हीही मांडत नव्हतो. तो धडा आम्ही पदरचे पैसे भरून शिकलो. ती हकीकत पुढे सांगतो. आधी अंतराचे बोलू.

मुंबईचे सहार विमानतळ आणि दुबईचे मोठे विमानतळ यांच्यातले सरळ हवाई अंतर सुमारे १९३० किलोमीटर आहे. हेच अंतर मैलात मोजले तर १२०० भरते, आणि समुद्री म्हणजे नॉटिकल मैलात १०४०. तिन्ही आकडे खरे आहेत, फक्त गज वेगवेगळा आहे. साधा मैल १.६०९ किलोमीटरचा, नॉटिकल मैल १.८५२ किलोमीटरचा. विमानवाले आणि जहाजवाले नॉटिकल मैल वापरतात. वार आणि मीटर यांचा घोळ आपल्या धंद्यात नवा नाही. तोच प्रकार इथे आहे हे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे.

सरळ अंतर म्हणजे काय, हेही समजून घ्यावे. आम्ही उर्दू शाळेत शिकलो. जुग्राफियाच्या तासाला मास्तरसाहेब पृथ्वीचा गोल टेबलावर आणून ठेवत. त्याला ते कुर्रा-ए-अर्ज म्हणत. एक सुतळी घेऊन ती दोन शहरांवर ताणून धरत आणि म्हणत, विमान या सुतळीवरून जाते, भिंतीवरच्या नकाशावरून नाही. सपाट नकाशावर पट्टी ठेवून जी रेघ निघते ती सर्वांत जवळची नसते. ताणलेली सुतळी हीच जवळची वाट, आणि तीच नकाशावर उतरवली की कमानीसारखी वाकडी दिसते. मुंबई-दुबईच्या बाबतीत हा वाक थोडाच आहे. मुंबई-न्यूयॉर्कच्या बाबतीत मात्र सुतळी पार उत्तरेला चढते. मास्तरसाहेबांनी स्वतः उभ्या जन्मात विमानात पाय ठेवला नव्हता, पण त्यांची सुतळी आजही बरोबर आहे.

१९३० किलोमीटर म्हणजे किती, हे समजायला दोन आकडे पुरेत. मुंबई ते कलकत्ता हवाई अंतर सुमारे १६७० किलोमीटर आहे, आणि मुंबई ते गुवाहाटी सुमारे २०७०. म्हणजे दुबई आपल्याला गुवाहाटीपेक्षा जवळ आहे. रेल्वेने मुंबई ते हावडा नागपूरमार्गे साधारण १९७० किलोमीटर होते आणि जलद गाडीलाही तीस तास लागतात. तेवढेच अंतर विमान समुद्रावरून तीन तासांत पार करते.

आपल्या वाडवडिलांचा हिशेब तासांचा नव्हताच, दिवसांचा होता. मुंबईच्या गोदीतून ब्रिटिश इंडिया कंपनीची जहाजे कराची, मस्कत करीत आखातात जात. रत्नागिरी, रायगडकडच्या किती घरांतली माणसे त्या जहाजांच्या डेकवर बिछाना टाकून गेली! यातले "दारा" जहाज एप्रिल १९६१ मध्ये दुबईजवळ स्फोट होऊन बुडाले आणि दोनशेहून अधिक माणसे गेली. कोकणातली वयस्क माणसे अजून ते नाव काढतात. शेवटचे "द्वारका" १९८२ मध्ये बंद झाले. तोवर विमानाची सवय लागली होती, आणि १९८५ च्या ऑक्टोबरमध्ये दुबईची स्वतःची एमिरेट्स कंपनी निघाली तेव्हा तिच्या पहिल्या मुक्कामांत कराचीबरोबर मुंबईचे नाव होते. संबंध इतका जुना की १९६६ पर्यंत त्या मुलुखात आपल्या रिझर्व्ह बँकेचा रुपया चलनात होता. असो.

आता वेळेचे पाहू. मोठे जेट विमान वर चढून स्थिरावले की ताशी साडेआठशे किलोमीटरच्या आसपास उडते. या हिशेबाने १९३० किलोमीटरला सव्वादोन तास पुरले पाहिजेत. पण तिकिटावर तीन, सव्वातीन, कधी साडेतीन तास धरलेले असतात. कारण तिकिटावरची वेळ चाके जमिनीवरून उचलल्यापासून मोजत नाहीत. विमान दरवाजा लावून जागेवरून हलले की वेळ सुरू, आणि तिकडे जागेवर जाऊन उभे राहिले की संपली. धावपट्टीपर्यंत रांगेने सरकणे, चढणे, उतरणे, उतरल्यावर पुन्हा फिरत फिरत जागेवर येणे, हे सगळे त्यात धरलेले. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी मोकळेपणाने वापरता येत नाहीत. गर्दीच्या वेळी विमान आकाशात घिरट्या घालते किंवा खाली रांगेत उभे राहते. कंपन्यांना हे ठाऊक असल्याने त्या वेळ थोडी सैल धरतात. शिंपी दोन बोटे जास्त कापड ठेवतो तसे. म्हणूनच कधी कधी उशिरा सुटलेले विमानही वेळेवर पोहोचते आणि लोक वैमानिकाला दुवा देतात.

जाताना आणि येताना वेळ सारखी नसते, हे फार थोडे लोक पाहतात. जाताना सव्वातीन तास असले तर येताना तीन किंवा त्याहून कमी. याचे कारण वारा. हिवाळ्यात आखात आणि उत्तर हिंदुस्थानच्या वर फार उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. जाणाऱ्या विमानाच्या तो तोंडावर येतो, येणाऱ्याच्या पाठीवर. डिसेंबर-जानेवारीत येण्या-जाण्यात अर्ध्या तासापर्यंत फरक पडतो. पावसाळ्यात उंचावरचा हा पश्चिमी वारा उत्तरेला सरकतो, तेव्हा तफावत कमी होते. तेव्हा परतताना विमानतळावर गाडी बोलवायची तर हिवाळ्यात दहा-पंधरा मिनिटे आधीची सांगावी.

राहिला घड्याळाचा प्रश्न, ज्यात आमचा भाचा फसला. विमान सुटण्याची वेळ सुटण्याच्या गावची लिहितात, पोहोचण्याची वेळ पोहोचण्याच्या गावची. दुबईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. मुंबईचे साडेचार आणि दुबईचे सव्वासहा यांची वजाबाकी पावणेदोन येते, त्यात दीड मिळवले की सव्वातीन. हा खरा प्रवास. येताना उलटे. दुबईहून रात्री पावणेदहाला निघून मुंबईत सव्वादोनला उतरलो तर वजाबाकी साडेचार तास दाखवते, त्यातून दीड काढला की तीन. जाताना मिळवा, येताना वजा करा. भाच्याने हे तिकिटाच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवले.

हा दीड तास आला कुठून, तेही मजेचे आहे. मुंबई रेखांश ७२.९ वर आहे, दुबई ५५.४ वर. रेखांशाला मास्तरसाहेब तूल-ए-बलद म्हणत आणि एका अंशाला चार मिनिटे असा पाढा घोकून घेत. साडेसतरा अंशांची सत्तर मिनिटे होतात. म्हणजे सूर्य दुबईला आपल्यानंतर सत्तर मिनिटांनी जातो, पण घड्याळ नव्वद मिनिटे मागे! कारण आपले घड्याळ मुंबईच्या सूर्यावर चालत नाही, ते मिर्झापूरजवळच्या साडेब्याऐंशी अंशांवर लावले आहे, आणि तिकडचे साठ अंशांवर. मुंबईला १९५५ पर्यंत आपली वेगळी वेळ होती, आजच्या वेळेपेक्षा ३९ मिनिटे मागे. ती टिकली असती तर दुबईचा फरक ५१ मिनिटांवर आला असता.

रमजानात प्रवास करणाऱ्यांना या सत्तर मिनिटांची ओळख लगेच पटते. मुंबईत सेहरी करून दुपारच्या विमानाने निघाले की माणूस सूर्याच्या मागे पळत असतो, आणि रोजा तासाभराहून जास्त लांबतो. शेजारचा प्रवासी मुंबईच्या टाइमटेबलावर खजूर काढतो, आणि खिडकीबाहेर सूर्य तर चांगला वर असतो. आम्हाला आलिमांनी सांगितले ते असे, की माणूस जिथे असेल तिथला सूर्य पाहावा. बाकी ज्याने त्याने आपापल्या आलिमांना विचारून घ्यावे.

आता आमची हकीकत. सन २०१२. आम्ही त्या वेळी मालेगावचे कोरे कापड घेऊन बालोतऱ्याला रंगवून आणीत असू. दारेसलामचा एक घाऊक व्यापारी दुबईत खरेदीला येणार होता. शुक्रवार त्याचा बाजार पाहण्यात जाणार होता, आमच्याशी बोलणी शनिवारी सकाळी, आणि शनिवारी दुपारी तो परत जाणार. पॉपलीन, अठ्ठावीस हजार मीटर, सहा रंग. नमुना त्याने कुरिअरने पाहिला होता, भाव जवळपास ठरला होता, फक्त शेड कार्ड समोर ठेवून रंग पक्के करायचे आणि बयाणा घ्यायचा. माल तयार करून आम्ही गोदामात ठेवला होता. एवढी आमची खात्री.

एजंटला आम्ही सांगितले की शुक्रवारी रात्री निघून शनिवारी सकाळी पोहोचायचे आहे. तो म्हणाला, शुक्रवारचे रात्री बारा चाळीसचे विमान आहे. आम्ही म्हटले, घे. तिकिटावर शुक्रवारची तारीख आणि ००:४० छापलेले होते. आम्ही शुक्रवारी जुम्याची नमाज पढून जेवण केले, आरामात तीन वाजता मालेगाव सोडले आणि रात्री साडेनऊला सहारला पोहोचलो. काऊंटरवरच्या मुलीने तिकीट पाहिले, पुन्हा पाहिले, आणि म्हणाली, "सर, ही फ्लाइट काल रात्रीच गेली."

शुक्रवारचे बारा चाळीस म्हणजे गुरुवारची रात्र संपून चाळीस मिनिटे झालेली वेळ. तारीख रात्री बारा वाजता बदलते हे कोणाला ठाऊक नाही? आम्हालाही ठाऊक होते. पण माणूस बोलताना झोपेपर्यंतच्या रात्रीला आदल्या दिवसाचीच रात्र म्हणतो. एजंटही बोलला, आम्हीही ऐकले, आणि दोघांचाही अर्थ वेगळा होता. गंमत अशी की आमच्या घरच्या रीतीने मोजले असते तर विमान चुकले नसते. आपल्याकडे दिवस मगरिबला बदलतो. जुम्याची रात्र म्हणजे गुरुवार मावळल्यावर येणारी रात्र, हे आमच्या दादींनी आम्हाला लहानपणी शिकवले होते. दादींच्या हिशेबाने गेलो असतो तर बरोबर वेळेवर पोहोचलो असतो!

त्या रात्री दुसऱ्या विमानात जागा मिळाली नाही. शनिवार रात्रीची मिळत होती, पण तोवर गिऱ्हाईक उडालेले असणार. आम्ही त्याला फोन केला. तो सज्जन माणूस होता, रागावला नाही. फक्त एवढेच म्हणाला की मी एका दिवसाचाच माणूस आहे, मला आजच माल बांधायचा आहे. शनिवारी सकाळी त्याने तिथल्याच एका दुकानातून माल उचलला. आमचे अठ्ठावीस हजार मीटर चार महिने गोदामात पडून राहिले. आफ्रिकेच्या पसंतीचे भडक रंग, इथे कोण घेणार? शेवटी मीटरमागे दोन रुपये तोट्यात काढले. छप्पन्न हजार ते, तिकीट वेगळे, चार महिन्यांचे व्याज वेगळे. आणि ते गिऱ्हाईक पुन्हा आमच्याकडे आले नाही, त्याचा आकडा तर मांडताच येत नाही.

तेव्हापासून आमच्या पेढीत एक शिरस्ता आहे. रात्री बारा ते पहाटे पाचमधले विमान असले की तिकिटावर मोठ्या अक्षरात लिहायचे : "घरून अमुक वारी संध्याकाळी निघणे." विमानाचा वार नाही, घर सोडण्याचा वार. मुंबईहून आखातात जाणारी बरीच विमाने याच वेळेत सुटतात, म्हणून ही गोष्ट किरकोळ समजू नये.

आता घर ते बाजार असा पूर्ण हिशेब मांडू, कारण व्यापाऱ्याच्या उपयोगाचा तोच आहे. मालेगाव ते मुंबई पावणेतीनशे-ऐंशी किलोमीटर. कसाऱ्याचा घाट, भिवंडीची ट्रकांची रांग आणि ठाण्याचा तुंबारा धरून आम्ही साडेसहा तास ठेवतो. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा उघडल्यापासून घाटातला वेळ वाचतो, पण आमण्याच्या पुढे भिवंडी-ठाणे आहेच, म्हणून आम्ही साडेसहाचे सहा केले, त्याखाली आलो नाही. परदेशच्या विमानाला तीन तास आधी पोहोचावे लागते, आणि बहुतेक कंपन्यांचे काऊंटर सुटण्याच्या तासभर आधी बंद होते.

भाच्याचेच विमान घ्या. साडेचारचे विमान, म्हणजे दीडला सहारला हजर. म्हणजे आदल्या संध्याकाळी सातच्या सुमारास मालेगाव सोडणे, वाटेत अर्धा तास जेवण आणि इशाची नमाज. दुबईत सव्वासहाला उतरणे. मग इमिग्रेशनची रांग, सामान, बाहेर पडायला तासभर. विमानतळ शहराच्या पोटातच आहे, देरा तिथून पाच-सहा किलोमीटर. टर्मिनल १ आणि ३ ला मेट्रो लागलेली आहे. टर्मिनल २ मात्र धावपट्टीच्या दुसऱ्या अंगाला, तिथून टॅक्सी किंवा बस. तेव्हा पावणेआठला देऱ्यात, आपल्या घड्याळात सव्वानऊ. संध्याकाळी सात ते सकाळी सव्वानऊ, सव्वाचौदा तास! त्यातला विमान खरोखर हवेत असण्याचा वेळ पावणेतीन तास. रस्ता आणि हवा मिळून सव्वाबावीसशे किलोमीटर, भागिले सव्वाचौदा, येतात ताशी एकशे पंचावन्न-छप्पन्न. साडेआठशेच्या वेगाचे विमान मालेगावच्या माणसाला एवढ्या वेगाने नेते.

भिवंडीच्या माणसाचे यातले चार-पाच तास सरळ वाचतात, इचलकरंजी-सोलापूरच्या माणसाचे वाढतात. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले आणि डिसेंबरअखेर तिथून विमाने उडू लागली. पुणे-सोलापूर, पनवेल-महाड बाजूच्या लोकांना ते जवळचे. मुंबईला आता दोन विमानतळ आहेत, तेव्हा तिकिटावर कोणता लिहिला आहे हे वाचल्याशिवाय गाडी काढू नये. हवेतले अंतर दोन्हीकडून जवळपास एकच आहे. चुकीच्या विमानतळावर गेलेल्या माणसाला मात्र ते फार लांब पडेल.

स्वस्त तिकिटाच्या मोहाबद्दलही सांगितले पाहिजे. मध्ये एक मुक्काम घेणारे तिकीट कधी कधी तीन-चार हजारांनी कमी पडते. मस्कतमार्गे पाहा. मुंबई-मस्कत सुमारे १५९० किलोमीटर, मस्कत-दुबई ३५०. बेरीज १९४०. म्हणजे सरळ वाटेपेक्षा जेमतेम दहा किलोमीटर जास्त, मस्कत वाटेवरच आहे म्हणा ना. अंतर वाढले नाही, पण दोनदा उतरणे-चढणे आणि मधले थांबणे यात चार-पाच तास सहज जातात. बहरीनमार्गे तर दुबई ओलांडून पुढे जायचे आणि मागे यायचे. २४२० अधिक ४९०, एकूण २९०० च्या वर. दोन माणसांचे सहा-सात हजार वाचतात हे खरे, आणि ज्याला घाई नाही, नातेवाइकांना भेटायला जायचे आहे, त्याने जरूर वाचवावेत. पण ज्याचा दुबईत एकच दिवस आहे, त्याचा अर्धा दिवस या सहा हजारांत विकला जातो.

दिवस कोणता निवडावा, यातही बदल झाला आहे. पूर्वी तिकडे शुक्रवार-शनिवार सुट्टी असे. १ जानेवारी २०२२ पासून सरकारी सुट्टी शनिवार-रविवार झाली आणि शुक्रवार अर्धा दिवस. बाजार सुट्टीतही चालतो, पण बँक, कस्टम, क्लिअरिंगची कामे असतील तर सोमवार ते गुरुवार धरावे. जुन्या बाजारात दुपारी एक ते चार बरीच दुकाने बंद असतात हेही लक्षात ठेवावे. देऱ्यातला मुर्शिद बाजार आणि खाडीपलीकडे बर दुबईतला कापड बाजार हे एका दिवसात होतात. मधली खाडी होडीने एका दिरहमात ओलांडता येते, आणि टॅक्सीपेक्षा ती लवकर पोहोचवते.

माल विमानाने पाठवणाऱ्यांसाठी थोडे. विमान तीन तासांत जाते म्हणून गाठ तीन तासांत पोहोचत नाही. मुंबईत कार्गोत देणे, कस्टम, जागा मिळणे, तिकडे सोडवणे यात दोन-तीन दिवस धरावेत. न्हावा शेव्याहून जबल अलीला जहाज चार-पाच दिवसांत जाते, तेव्हा मोठ्या मालाला जहाजच परवडते. भाडे वजनावर लागते, पण खोक्याच्या आकाराचेही वजन धरतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणाकार करावा आणि ६००० ने भागावे. ६० × ४० × ४० चे खोके १६ किलोचे धरले जाते. त्यात दाबून भरलेले पॉपलीन २२ किलो भरले तर भाडे २२ चे. फुगलेले तयार कपडे ९ किलो भरले तरी भाडे १६ चे. ताका घट्ट गुंडाळा म्हणून आम्ही कारागिरांच्या मागे लागतो ते उगाच नाही. १ मे २०२२ पासून दोन्ही देशांचा व्यापार करार लागू झाला आणि आपल्या कापडावरचे तिकडचे पाच टक्के शुल्क गेले. पण त्यासाठी मालाच्या मुळाचे प्रमाणपत्र कागदांबरोबर लागते. तो कागद मागे राहिला तर विमानाने वाचवलेला वेळ तिकडच्या गोदामात जातो.

आणि सगळे बरोबर करूनही काही गोष्टी आपल्या हातात नसतात. फेब्रुवारी २०१९ मध्ये पाकिस्तानने आपले आकाश बंद केले ते जुलैपर्यंत, एप्रिल २०२५ मध्ये हिंदुस्थानी विमानांना पुन्हा बंद केले. त्यात दिल्ली-अमृतसरकडच्या विमानांना मोठा वळसा पडला, मुंबईला झळ त्यामानाने कमी. जून २०२५ मध्ये इराण-इस्रायल युद्धाच्या दिवसांत आखातातले मार्ग काही काळ बंद झाले. १६ एप्रिल २०२४ ला तर दुबईत पावसाने विमानतळच पाण्यात गेला आणि लोक दिवसचे दिवस अडकले. आमचे एक शेजारी त्यात होते, दोन रात्री खुर्चीवर काढल्या. म्हणून सौद्याच्या आदल्या दिवशी पोहोचावे, त्याच दिवशी नाही. एका रात्रीचे हॉटेल भाडे हे सौद्याच्या खर्चातच धरावे.

भाच्याने सगळे ऐकले. मग विचारले, "मामू, परत येताना सव्वादोनला मुंबईत उतरतो. लगेच गाडीने निघालो तर नऊला घरी." आम्ही म्हटले, "ड्रायव्हर रात्रभर जागा, तू रात्रभर जागा. पहाटेची नमाज मुंबईत पढ, दोन तास पड, मग उजेडात नीघ."

त्याने पार्टीला आमच्यासमोरच फोन लावला आणि आठची वेळ बदलून दुसऱ्या दिवशीची साडेदहाची घेतली. समोरचा म्हणाला म्हणे, बरे झाले, आठला तर आमचे दुकानही उघडत नाही.